लेस पॉलला ‘जनक’ म्हणू नका

कॉलेजात असताना आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्याकडे साधी लाकडी गिटार होती, पोकळ पोटाची, तिला बाजारातून आणलेला एक पिकअप, म्हणजे तारांचा आवाज उचलून स्पीकरकडे पाठवणारा तुकडा, चिकटवलेला. गणपतीतला प्रोग्रॅम, रस्त्यावरचं स्टेज, दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर, आणि मी आवाज जरा वाढवला की ती गिटार आपली आपणच हूऽऽ करून कोकलायला लागायची, मी तारेला हातसुद्धा लावलेला नसायचा. साउंडवाला लांबून हातवारे करायचा, पुढच्या रांगेतली पोरं कानांवर हात ठेवायची. शेवटी आमच्या ढोलकीवाल्या दादांनी घाम पुसायचा नॅपकिन काढून दिला, म्हणाले, कोंब हा तिच्या पोटात. कोंबला. शिट्टी बरीचशी थांबली, पण आवाजही गोणपाटात बांधल्यासारखा झाला आणि रात्रभर तसंच वाजवलं.

याला स्टेजवाले हाउलिंग म्हणतात. स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटाला हलवतो, पोट हललं की तारा हलतात, तारा हलल्या की पिकअप तेच उचलून परत स्पीकरला पाठवतो, आणि हे चक्र फिरत राहतं. म्हणजे गोची सगळी त्या पोटात आहे. जे पोट विजेशिवाय वाजवताना आवाज मोठा करतं तेच पोट वीज जोडली की वैरी होतं. मला हे कळायला बरीच वर्षं गेली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉकिशा नावाच्या गावातल्या एका पोराला ते विशीच्या आतच कळलं होतं, आणि त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

तो पोरगा म्हणजे लेस पॉल. जन्म ९ जून १९१५. दरवर्षी ९ जूनला आमच्या गिटारवाल्या ग्रुपवर त्याचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं, ‘इलेक्ट्रिक गिटारचा जनक’. सगळे हात जोडतात, दोघंतिघं त्याच्या नावाच्या गिटारचे फोटो टाकतात, झालं. मला दरवर्षी वाईट वाटतं, कारण ते खरं नाही, आणि खरं नाही एवढंच असतं तर सोडून दिलं असतं, पण त्या एका शब्दामुळे त्या माणसाने जे खरोखर केलं ते झाकलं जातं, आणि त्याच्याबरोबर अजून दहा जण झाकले जातात.

आधी त्या पोराचंच बघू. रस्त्याकडेच्या एका खाण्याच्या स्टॉलवर तो गिटार वाजवायचा, माउथ ऑर्गन तोंडाशी धरायला कपड्यांच्या हँगरची तार वाकवून गळ्यात अडकवलेली. गाडीत बसून खाणाऱ्या कोणीतरी सांगितलं की गाणं ऐकू येतं, गिटार येत नाही. त्याने ग्रामोफोनची सुई गिटारच्या लाकडात टोचली आणि वायर रेडिओला जोडली. आवाज आला, आणि माझ्या गिटारसारखीच ती कोकलली पण. मग त्याने पोटात फडकी कोंबून बघितली, आणि मग उलटा विचार केला की पोटच नको, तार सोडून दुसरं काही हलणारच नाही असं काय आहे? गावातून रेल्वे जायची. रुळाचा हातदीड हात लांब तुकडा आणला, त्यावर एक तार ताणली, खाली टेलिफोनचा बोलायचा भाग ठेवला. तार छेडली तर सूर स्वच्छ, आणि आपण सतारीबद्दल जिला ‘आस’ म्हणतो ना, सूर छेडल्यावर मागे लांबत राहतो ती आस, ती इतकी की संपता संपेना. पळत आईकडे गेला. आईने साधा प्रश्न केला, घोड्यावर बसलेला काउबॉय रुळाचा तुकडा घेऊन गाणं म्हणेल का रे? ही गोष्ट तो म्हातारपणापर्यंत सांगायचा. मला आईचा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण नुसता शोध लागून भागत नाही, ती वस्तू माणसाने हातात घेतली पाहिजे.

आता जनक कोण ते बघा. १९३२ च्या सुमाराला रिकनबॅकर कंपनीची विजेची गिटार बाजारात आली, आख्खी अॅल्युमिनियमची, गोल पोट आणि लांब दांडा म्हणून तिला फ्राइंग पॅनच म्हणायचे. तिच्यामागचं डोकं जॉर्ज बीचम या वादकाचं. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन गिटार होती ती, म्हणजे जिच्यावर वाजवलेली सिनेमाची गाणी आपल्या आधीच्या पिढीने व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांच्या रेकॉर्डवर ऐकली, त्याच घराण्यातली. चुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं, वर लोखंडी तार हलली की वेटोळ्यात वीज हलते, हे तत्त्व तिथे पूर्ण तयार होतं. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने पोकळ पोटाची विजेची गिटार काढली, आणि चार्ली ख्रिश्चन नावाच्या काळ्या तरुणाने तिच्यावर जॅझमध्ये असं काही वाजवलं की गिटार हे मागे ठेका धरायचं वाद्य राहिलं नाही, पुढे येऊन बोलायला लागलं. तो २५ व्या वर्षी गेला, १९४२ मध्ये. भरीव लाकडाची म्हणाल तर पॉल बिग्सबी या कारागिराने मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी १९४८ मध्ये एक केली, आणि १९५० मध्ये लिओ फेंडरने भरीव गिटार चक्क कारखान्यात मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली, तेही स्वतःला गिटार वाजवता येत नसताना. यातला जनक कोणता निवडायचा? मला नाही निवडता येत.

आणि लेस पॉलची स्वतःची भरीव गिटार, तिला ‘लॉग’ म्हणतात, म्हणजे ओंडका. १९४० च्या आसपासची गोष्ट. न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्याने रविवारी त्याला आत येऊन काम करू दिलं. चार इंच बाय चार इंच पाइनचा सरळ ठोकळा, त्याला गिटारची मान, तारा, दोन पिकअप. आपल्याकडे सेंट्रिंगला वापरतात तसला वासाच समजा. तो घेऊन तो एका बारमध्ये वाजवायला गेला तर लोकांनी लक्षच दिलं नाही. परत आला, एपिफोनचीच एक पोकळ गिटार उभी कापली आणि तिचे दोन अर्धे भाग त्या ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे लावले. आवाजाला त्या पंखांचा काडीचा उपयोग नाही. त्याच बारमध्ये परत गेला, तोच आवाज, तीच बोटं, आणि आता लोक खूश. लोक डोळ्यांनी ऐकतात असं तो यावर म्हणायचा. तो ओंडका आज नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे, मी फक्त फोटोत बघितलाय, पण त्या फोटोत ठोकळा आणि पंख यांच्यामधली ती सरळ रेघ दिसते ना, तिच्याकडे मी कितीतरी वेळ बघत बसतो. मधे जे खरं काम करतंय ते, आणि बाजूला जे आपल्यासाठी लावलंय ते.

तो ओंडका घेऊन तो गिब्सनकडे गेला तेव्हा तिथे त्याला पिकअप लावलेला झाडूचा दांडा म्हणून हसले. मग फेंडरच्या गिटारी खपायला लागल्या आणि त्यांना तो आठवला. १९५२ मध्ये ‘गिब्सन लेस पॉल’ बाजारात आली, सोनेरी रंगाची. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटारींपैकी एक, आणि जनक म्हणणाऱ्यांचा सगळा आधार हिच्यावरच. पण महोगनीचं शरीर, वरून मेपलची जाड पाटी, ती कमान, हे बरंचसं काम गिब्सनचे टेड मॅककार्टी आणि कालामाझूच्या कारखान्यातल्या माणसांचं. कोणी किती केलं यावर मॅककार्टी एक सांगायचे आणि लेस पॉल दुसरं. जी एक गोष्ट नक्की त्याची होती ती म्हणजे तारा अडकवायचा मागचा लांब दांडीचा टेलपीस, आणि मानेचा कोन कमी असल्यामुळे तारा त्या दांडीच्या वरून न्यायच्या त्या खालून न्याव्या लागल्या, तळवा टेकवून सूर दाबायची सोयच राहिली नाही. वर्षदीड वर्षात कंपनीने तो टेलपीस काढून टाकला. म्हणजे त्याच्या नावाच्या गिटारवरचा त्याचा स्वतःचा भाग सगळ्यात आधी गेला. १९६१ मध्ये कंपनीने आकारच बदलला, दोन शिंगांचा पातळ केला, तो त्याला आवडला नाही, आणि काही काळाने नावही निघालं. मग इंग्लंडमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने जुन्यातली एक लेस पॉल घेऊन मार्शल कंपनीच्या अॅम्पला जोडून १९६६ च्या रेकॉर्डवर असा जाड, रडवेला आवाज काढला की जग त्या जुन्या गिटारी शोधायला लागलं आणि १९६८ मध्ये गिब्सनला त्या परत काढाव्या लागल्या. ज्या आवाजासाठी आपण आज लेस पॉल घेतो तो आवाज लेस पॉलचा नाहीच, त्याचा स्वतःचा आवाज अगदी स्वच्छ, टपोऱ्या थेंबांसारखा.

मग त्याचं काय आहे? माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम गिटारमध्ये नाहीच, रेकॉर्डिंगमध्ये आहे.

हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्टुडिओ केला, तबकडी कोरायचं मशीन स्वतः बांधलं, त्याचं जड चाक कॅडिलॅक गाडीच्या फ्लायव्हीलचं. एका तबकडीवर गिटार वाजवून ठेवायची, ती लावायची, तिच्याबरोबर दुसरी वाजवायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायच्या, असं करत १९४८ मध्ये ‘लव्हर’ या गाण्याची रेकॉर्ड आली, आठ गिटारी, आठही तोच. काही भाग त्याने मशीन अर्ध्या वेगाने चालवून वाजवले म्हणजे नेहमीच्या वेगात लावल्यावर ते दुप्पट जलद आणि एक सप्तक वर ऐकू येतात. इथेही पहिला तोच असं नाही बरं का, जॅझवादक सिडनी बेशेने १९४१ मध्येच क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो, बेस, ड्रम सगळं एकट्याने एकावर एक वाजवून रेकॉर्ड केलं होतं. पण बेशेची ती एक गंमत म्हणून राहिली, लेस पॉलने तिची भाषा केली.

१९४९ च्या सुमाराला गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अॅम्पेक्स कंपनीचं टेप मशीन आणून दिलं. आता हे नीट समजून घ्या कारण मला याच्याइतकं धाडस संगीतात फार कमी दिसलंय. टेप मशीनला ओळीने तीन हेड असतात, पहिलं पुसतं, दुसरं लिहितं, तिसरं वाचतं. याने कंपनीकडून एक जास्तीचं हेड मागवलं आणि ते पुसणाऱ्या हेडच्या आधी बसवलं. म्हणजे टेप पुढे सरकताना आधी वाचली जाणार, तो जुना आवाज याच्या कानात येणार, त्याच्याबरोबर हा नवीन वाजवणार, तेवढ्यात जुनं पुसलं जाणार, आणि जुनं अधिक नवीन असं मिसळून त्याच टेपवर लिहिलं जाणार. जुनी प्रत शिल्लकच नाही. दहावा थर लावताना एक सूर चुकला, बाहेर कुत्रं भुंकलं, की आधीचे नऊ थर गेले, पहिल्यापासून सुरू. शिवाय प्रत्येक फेरीत जुन्या थरांचा आवाज थोडा मळत जाणार, म्हणून कमी महत्त्वाचं आधी वाजवायचं आणि मुख्य सूर सगळ्यात शेवटी. म्हणजे गाणं उलट्या बाजूने बांधायचं, कळस डोक्यात पक्का ठेवून पायरी आधी घडवायची. आजच्या स्टुडिओत आपण चुकलो की ‘पंच कर’ म्हणतो, तेवढ्या दोन मात्रा परत गातो, झालं. त्याच्याकडे पंच नव्हता.

पुढे १९५७ मध्ये अॅम्पेक्सने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचं, म्हणजे एकाच टेपवर आठ वेगवेगळे पट्टे लिहिणारं मशीन बनवून दिलं, किंमत १०,००० डॉलर, तेव्हाचे. सगळे ट्रॅक वेगळे, एक चुकला तर बाकीचे सुखरूप. इथेही एक नाव घ्यायलाच हवं, रेकॉर्डिंग हेडनेच ऐकायचं आणि त्यामुळे नवे जुने ट्रॅक एका तालात राहायचे, ही त्या मशीनची गुरुकिल्ली अॅम्पेक्सच्या रॉस स्नायडर या इंजिनियरची.

आणि मेरी फोर्ड. खरं म्हणजे तिच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. मूळ नाव आयरिस कोलीन समर्स, १९४९ मध्ये दोघांचं लग्न झालं. १९५१ मध्ये त्यांचं ‘हाऊ हाय द मून’ नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या नंबरवर होतं. त्यात जो आवाजांचा घोळका ऐकू येतो तो सगळा एकटी मेरी आहे. मघाशी सांगितलं ते मशीन आठवा, चूक केली की सगळं पुसलं जाणार ते, त्याच्यासमोर ती गायची, माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, स्वतःच्याच आवाजाला तिसरा सूर, चौथा सूर, प्रत्येक वेळी श्वास त्याच जागी, शब्दाचा शेवट त्याच क्षणी. हे गळ्याचं काम आहे, मशीनचं नाही. ती गिटारही उत्तम वाजवायची. स्टेजवर तो तिला अवघड तान टाकायचा आणि ती तश्शी परत द्यायची. १९६४ मध्ये घटस्फोट झाला, १९७७ मध्ये ती गेली, आणि ९ जूनच्या फोटोत ती नसते. जनक म्हटलं की एकच माणूस लागतो आणि बहुतेक वेळा पुरुषच लागतो, बाजूची बाई मदतनीस होऊन जाते.

यावर आमच्या ग्रुपमधला एक मित्र, चांगला वादक आहे, म्हणतो की अरे लोकांना एक चेहरा लागतो, शाळेतल्या पोराला तू बीचम, बिग्सबी, मॅककार्टी सांगत बसलास तर ते कोणालाच लक्षात ठेवणार नाही, त्यापेक्षा एक नाव तरी राहू दे. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही, आपण सगळे नावांनीच लक्षात ठेवतो. पण आपल्याच घरात बघा ना काय झालं. मुंबईच्या सिनेमासंगीतात गोव्याहून आलेले अँथनी गोन्सालविस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट, यांनी अरेंजमेंट केल्या, व्हायोलिनचे ताफे उभे केले, ट्रंपेटचे तुकडे लिहिले, आणि पडद्यावर नाव एका संगीतकाराचं. त्याचाही मोठेपणा खराच, पण आज कोणी त्या गाण्यातल्या मधल्या म्युझिकचं सौंदर्य सांगायला गेला तर कोणाचं म्हणून सांगणार? कित्येक ठिकाणी आता शोधायलाही उशीर झालाय. एक नाव लक्षात ठेवायचं म्हणून बाकीची सोडली तर ती परत येत नाहीत. आणि पोरांचं म्हणाल तर पोरांना रुळाच्या तुकड्याची गोष्ट सांगा, झाडूच्या दांड्याची सांगा, चांगली लक्षात राहते, मी भाचीला सांगून बघितलंय.

दुसरी गोष्ट ट्रॅकची. आपल्याकडे जुनेजाणते लोक नेहमी म्हणतात की पूर्वी गायक आणि शंभर वादक एका हॉलमध्ये एकत्र वाजवायचे, एक चुकला तर सगळे परत, म्हणून त्या गाण्यांत जीव होता, आणि आता गायक एकटा येऊन ट्रॅकवर गाऊन जातो, समोर कोण वाजवतंय ते त्याला माहीतही नसतं, म्हणून जीव गेला. मला त्या जुन्या रेकॉर्डिंगबद्दल आदरच आहे, पण जीव गेला तो ट्रॅकमुळे गेला हे मला पटत नाही. ट्रॅकवर ट्रॅक ही पद्धत ज्याने अमेरिकेच्या घराघरात नेली त्या माणसाच्या रेकॉर्डवर कुठे जीव कमी आहे ते दाखवा. तिथे एकटा माणूस आठ वेळा वाजवतोय आणि आठही वेळा तो स्वतःला ऐकतोय, मागच्या थराला जागा सोडतोय, त्याच्याशी बोलतोय. आपल्याकडे कमी पडतंय ते हे ऐकणं. गायकाला हेडफोनमध्ये नुसता ठेका आणि कीबोर्डचा खुणेचा सूर देतात, अर्ध्या तासात दोन गाणी उरका म्हणतात, तिथे तो कोणाशी बोलणार? तक्रार करायचीच असेल तर त्या घाईची करा, मशीनची नको.

म्हणून माझ्या लेखी लेस पॉल हा कशाचाही पहिला नसला तरी चालेल. तो वादकही होता आणि पाना-पक्कडही त्याच्याच हातात होती, कान सांगेल तसं मशीन वाकवायचं आणि मशीन देईल त्यातून नवं गाणं काढायचं, हे त्याने आयुष्यभर केलं. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम आणि शोध लावणाऱ्यांचं नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम या दोन्हींत त्याचं नाव आहे, १९८८ आणि २००५, आणि मला त्याच्याबद्दलच्या सगळ्या बिरुदांत हे एकच बरोबर बसलेलं वाटतं, कारण ते एका दरवाजातून आत घेऊन थांबत नाही.

त्याच्या उजव्या हाताचं सांगितलं नाही तर हे अर्धवट राहील. १९४८ च्या जानेवारीत ओक्लाहोमात बर्फाळ रस्त्यावरून गाडी खाली गेली, मेरी पण गाडीत होती, आणि त्याच्या कोपराचा चुरा झाला. कोपर परत वाकणार नाही, हात एकाच कोनात पक्का बसवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्याने तो गिटार धरायच्या कोनात बसवून घेतला. दीडेक वर्ष गेलं बरं व्हायला. ‘हाऊ हाय द मून’ त्याच्या नंतरचं आहे, त्या न वाकणाऱ्या हाताने वाजवलेलं. म्हातारपणी संधिवाताने डाव्या हाताची बोटंही गेली, दोनच धड चालायची, तर त्याने सगळं वाजवणं त्या दोन बोटांवर नव्याने बसवलं, आणि न्यूयॉर्कच्या इरिडियम क्लबमध्ये दर सोमवारी रात्री बसायचा, नव्वदी उलटल्यावरही. २००९ च्या ऑगस्टमध्ये ९४ व्या वर्षी गेला, त्याच वर्षीपर्यंत ते सोमवार चालू होते. तिथे नवशिके पण यायचे, मोठे रॉकस्टार पण यायचे, आणि तो त्यांना शेजारी बसवून वाजवायला लावायचा.

येत्या ९ जूनला फोटो टाकणार असाल तर दोघांचा टाका, मेरीसकट, बरेच आहेत, दोघांच्याही गळ्यात गिटारी. खाली जनक लिहू नका. आणि हेडफोन लावून ते गाणं एकदा ऐका, मेरीचे आवाज मोजायचा प्रयत्न करा. मी दरवेळी मोजायला घेतो आणि पाचाच्या पुढे मोजणं विसरून नुसता ऐकत राहतो.